शब्दचर्चा : कायद्याचे ‘पुनर्विलोकन’ की कायद्याचा ‘कस’?

शिक्षिका, दर्यापूर तालुका

संविधान दिनानिमित्त आमच्या गावच्या वाचनालयात फलक लावायचे ठरले असून, त्यांपैकी ‘निरनिराळ्या देशांतील न्यायालये कायदा घटनेला धरून आहे की नाही हे कसे पाहतात’ या फलकाचा मजकूर माझ्याकडे आला आहे. मी शीर्षक लिहिले, ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’. कच्चा मजकूर वाचून दाखवला, तेव्हा समोर बसलेल्या एका शेतकरी काकांनी विचारले, “बाई, पुन्हा पाह्यतात म्हनता, त मंग पह्यल्यांदा कोनं पाह्यला होता?” त्यांच्या फेरफाराचे प्रकरण गेली काही वर्षे महसूल कार्यालयात फिरत आहे. त्यामुळे पुनर्विलोकन म्हणजे ज्या साहेबाने हुकूम दिला त्यानेच तो पुन्हा पाहणे, हा अर्थ त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. मला उत्तर देता आले नाही. दुसरा शब्द सुचवावा.

वकील, तुमसर

काकांचे काहीच चुकलेले नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम २५७ पुनरीक्षणाचे (वरच्या अधिकाऱ्याने खालच्याचा हुकूम तपासण्याचे) आणि कलम २५८ पुनर्विलोकनाचे आहे, आणि दोहोंतला फरक आमच्याकडच्या पक्षकारांना कित्येक नवख्या वकिलांपेक्षा चांगला कळतो. घटनेच्या अनुच्छेद १३७ अन्वये सर्वोच्च न्यायालय स्वतःच्याच निर्णयाचे पुनर्विलोकन करू शकते, आणि वर्तमानपत्रे त्यालाच ‘फेरविचार याचिका’ म्हणतात. म्हणजे आपलाच निकाल पुन्हा पाहणे आणि विधिमंडळाचा कायदा घटनेशी ताडून पाहणे, या दोन अगदी वेगळ्या कामांना आपण एकच शब्द दिला आहे. गोंधळाचे मूळ इंग्रजीत आहे; तिथे दोन्हींना ‘रिव्ह्यू’च म्हणतात. आपण तो इमानाने उचलला. विशेष म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये ‘ज्युडिशियल रिव्ह्यू’ हा शब्द मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांच्या निर्णयांच्या तपासणीसाठी वापरतात. तिथली न्यायालये संसदेचा कायदा अवैध ठरवत नाहीत. १९९८ च्या मानवी हक्क कायद्यानुसार तो हक्कांशी विसंगत असल्याचे फार तर जाहीर करतात, आणि तसे जाहीर केल्यानंतरही कायदा लागूच राहतो.

निवृत्त मुख्याध्यापक, कारंजा

रुळलेला शब्द बदलण्याची ही हौस मला मान्य नाही. ‘पुनर्’ म्हणजे केवळ ‘दुसऱ्यांदा’ नव्हे, ‘मागे वळून’ हाही त्याचा अर्थ आहे. विधिमंडळाने विधेयक पाहिले, ते संमत केले, त्यानंतर न्यायालयाने पाहिले. म्हणजे काकांच्या प्रश्नाचे उत्तर ‘आमदार-खासदारांनी’ असे सरळ आहे. (त्यांनी ते खरोखर वाचले होते का, हा शब्दचर्चेचा विषय नाही.) पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांत पुनर्विलोकनच येते. फलक वाचून एखाद्या मुलाने परीक्षेत भलताच शब्द लिहिला, तर गुण कोण देणार?

शेतकरी, वाचक, आर्वी

मुख्याध्यापक सरांचा मान राखून सांगतो की, इतर भाषांनी काय केले तेही पाहावे. फ्रान्समध्ये १९५८ च्या घटनेने नेमलेली संविधान परिषद अमलात येण्यापूर्वीच कायदा तपासते. अमलात आलेल्या कायद्याविषयी पक्षकाराला तिच्यापर्यंत प्रश्न नेता येऊ लागला तो २०१० पासून. जर्मनांचा शब्द ‘नॉर्मेनकाँट्रोले’, म्हणजे नियमांवरचे नियंत्रण. मला सर्वांत आवडला तो डच शब्द, ‘टुट्सिंग’. त्याचे मूळ सोनाराच्या कसोटीच्या दगडात आहे. गंमत अशी की, कसोटीचा शब्द असलेल्या याच देशाच्या घटनेचा अनुच्छेद १२० संसदेचे कायदे घटनेच्या कसोटीला लावण्यास न्यायाधीशांना मनाई करतो. आपल्याकडे ‘कस’ हा शब्द जिवंत आहे. सोन्याचा कस आणि जमिनीचा कस कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मग ‘न्यायालय कायद्याचा कस पाहते’ असे का लिहू नये?

वकील, तुमसर

कस चांगला आहे, पण मला त्याहून मोठी तक्रार ‘रद्द’ या शब्दाविषयी आहे. ‘न्यायालयाने कायदा रद्द केला’ असे सर्रास छापतात. कायद्याचे निरसन, म्हणजे तो काढून टाकणे, विधिमंडळ करते; न्यायालय तो अवैध ठरवते. उदाहरण घरचेच घ्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने शेतीच्या हंगामात नेमलेल्या गावांत विड्या वळण्यावर बंदी घालता येत असे. सागर जिल्ह्यातील गावांना लावलेल्या या बंदीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५० मध्ये न्यायालयाने असा निर्बंध वाजवी नाही म्हणून ती तरतूद अवैध ठरवली. माझी आजी तेंदूपान कातरून, तंबाखू भरून, दोऱ्याने बांधून रात्री कंदिलाच्या उजेडात हजाराचा हिशेब पुरा करायची. त्यामुळे हा निकाल शिकताना ‘वाजवी’ या एका शब्दाचे वजन मला वर्गातल्या इतरांपेक्षा थोडे लवकर कळले.

याच प्रांताच्या मोटार वाहतुकीच्या कायद्याचे तर आणखी नवल आहे. घटना लागू झाल्यावर तो व्यवसाय-स्वातंत्र्याशी विसंगत ठरला, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती विसंगती दूर झाली, आणि १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कायदा मेला नव्हता, त्याला ग्रहण लागले होते. रद्द झालेली गोष्ट आपोआप उठून कशी बसेल? ग्रहण मात्र सुटते.

निवृत्त मुख्याध्यापक, कारंजा

ग्रहणाचे उदाहरण मान्य. मात्र त्यातून ‘पुनर्विलोकन’ चुकीचे कसे ठरते, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. शिवाय ‘घटनाबाह्य’ आणि ‘घटनाविरोधी’ यांतला भेद कोणी लक्षातच घेत नाही. अधिकार नसताना केलेला कायदा घटनेच्या बाहेरचा आणि हक्कांवर घाला घालणारा कायदा घटनेच्या विरोधातला, असे मी चाळीस वर्षे शिकवत आलो.

वकील, तुमसर

भेद सुंदर आहे सर, पण न्यायालयांत तो कोणी पाळत नाही. दोन्ही ठिकाणी ‘घटनाबाह्य’च लिहितात.

शिक्षिका, दर्यापूर तालुका

सर्वांचे आभार. ‘न्यायालय कायद्याचा कस कसा पाहते’ असे शीर्षक मी ठरवले होते, परंतु पेंटर दादांच्या हाती जुना कागद पडला आणि फलक रंगूनही आला. त्यावर ठळक अक्षरांत ‘न्यायालयीन पुर्नविलोकन’ असे आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, कारंजा

रफार ‘वि’वर हवा, बाई. शब्द कोणताही ठेवा, पण तेवढे आजच्या आज पुसून घ्या.

शेतकरी, वाचक, आर्वी

सर, आमच्या तालुक्यात छापील अर्जांवरही तो ‘न’वरच असतो, आणि अर्ज मंजूर होतात.