मुंबई-गोवा क्रूझ आणि येताना कोकणातून बाय रोड: गाडीचं आणि हॉटेलचं गणित जमत नाहीये

पुण्याची_मधुरा

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आठ जण निघतोय, आम्ही दोघं, दोन मुलं (१४ आणि ९), दीर-जाऊ, त्यांची एक मुलगी आणि माझी आई. आई ७४ची आहे, गुडघ्यांचा त्रास आहे, सपाटीवर चालते पण जिने नको म्हणते. तिचं माहेर वेंगुर्ल्याजवळ, लहानपणी ती मुंबईहून बोटीनेच गावी जायची, भाऊच्या धक्क्यावरून. बरीच वर्षं म्हणतेय की एकदा परत समुद्रातून जायचंय, म्हणून मुंबई-गोवा क्रूझचं वन वे तिकीट काढलंय, संध्याकाळी मुंबईहून निघून गोव्याला मुरगाव बंदरात उतरायचं, आणि मग तिथून वर कोकणातून रोडने सहा-सात दिवसांत पुण्याला परत.

अडचण अशी की गाडीचं काय करायचं ते समजत नाहीये. आपली गाडी घेऊन मुंबईला गेलो तर गाडी मुंबईत आणि आम्ही गोव्यात. गोव्यात सेल्फ ड्राइव्ह घेतली तर ती पुण्यात सोडता येत नाही असं दोघा-तिघांनी सांगितलं. टॅक्सीवाले गोवा-पुणे ड्रॉपचे दोन्हीकडचे पैसे लावतायत. शिवाय क्रूझच्या आदल्या रात्री मुंबईत राहायचं का त्याच दिवशी सकाळी पुण्याहून निघायचं यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. हॉटेलं अजून कुठलीच बुक नाहीत. कुठे किती रात्री राहू ते सांगा प्लीज, दिरांनी काढलेल्या प्लॅनमध्ये रोज नवीन गाव आहे आणि मला ते आईला झेपेल असं वाटत नाही.

घाटवाट_७

आधी मुंबईचं सांगतो कारण त्यात आम्ही पोळलोय. आमची बोट होती संध्याकाळची, रिपोर्टिंग दुपारी, आम्ही सकाळी साडेसातला कोथरूडहून निघालो, म्हटलं बारापर्यंत आरामात पोचू. खंडाळ्याच्या घाटात टँकर आडवा झालेला, साडेचार तास जागेवर, लेकरं रडतायत, पाणी संपलं. बॅलार्ड पिअरला पोचलो तेव्हा बोट समोर उभी होती, पांढरीशुभ्र, वरच्या डेकवर माणसं हात हलवताना दिसत होती आणि आमच्यासाठी गेट बंद झालेलं. बायको बॅगेवर बसून राहिली, काही बोललीच नाही. पैसे गेलेच, पण ते तोंड अजून आठवतं मला. बोट कोणासाठी थांबत नाही हो, ट्रेन चुकली तर पुढची असते, हिला पुढची नसते. त्यामुळे आदल्या रात्री मुंबईतच राहा, आणि तेही फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास, अंधेरी-ठाण्याला नातेवाईक असले तरी नको, सकाळी तिथून यायला परत तेच टेन्शन.

डेक्कनक्वीन_प्रेमी

घाटवाट यांचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण रोडने जायचंच कशाला? डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने दहा मिनिटांवर. आई आहेत, सामान आहे, ट्रेनच बरी, पाय मोकळे करता येतात, टॉयलेट आहे. मी तरी डिसेंबरात त्याच दिवशी गेलो असतो, पावसाळ्यात नक्कीच नाही. पण आठ जणांचे पैसे आणि आईंची इतक्या वर्षांची इच्छा पणाला असेल तर आदल्या दिवशीच्याच डेक्कन क्वीनने जा, दुपारी हॉटेलात आराम करा, संध्याकाळी आईंना भाऊचा धक्का लांबून का होईना दाखवून आणा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायची ही जागा नाही.

सावंतवाडी_एक्सप्रेस

गाडीचं उत्तर सोप्पं आहे आणि सगळे इथेच चुकतात. गाडी मुंबईत न्यायचीच नाही. तुम्ही ट्रेनने मुंबई, आणि पुण्याहूनच ड्रायव्हरसकट गाडी ठरवून ती रिकामी थेट गोव्याला पाठवायची. पुणे-कोल्हापूर-निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी-गोवा, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास होतं, नऊ-दहा तास. तुमची बोट मुंबईहून सुटते त्या सकाळी ड्रायव्हर पुण्याहून निघाला तर रात्री मुरगाव बंदराजवळच्या वास्कोत पोचून झोपेल आणि सकाळी ताजातवाना तुम्हाला घ्यायला उभा असेल. गोव्याचा टॅक्सीवाला तुमच्याकडून परतीचे पैसे घेणारच आहे, मग तेच पैसे पुण्याच्या गाडीच्या येण्याला द्या, निदान माणूस आपला, गाडी आपल्या पसंतीची आणि शेवटी घराच्या दारात सोडणार.

याचा अजून एक फायदा म्हणजे सामान. कोकणातल्या सहा दिवसांच्या सगळ्या बॅगा, आईंची कमोड चेअर लागत असेल तर ती, मुलांचे बीचचे कपडे, खाऊचे डबे, सगळं त्या गाडीत टाका. बोटीवर माणशी एक छोटी बॅग, बास. तसंही बाहेरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत, त्यामुळे लाडू-चिवडा गाडीतूनच जाऊ दे. फक्त आईंची औषधं आणि सगळ्यांची ओरिजिनल ओळखपत्रं गाडीत जाणार नाहीत एवढं बघा, ती हातातल्या पर्समध्ये.

गोव्याच्या सेल्फ ड्राइव्हबद्दल, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्यायची असते, पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि राज्याबाहेर नेली तरी परत गोव्यातच आणून द्यावी लागते, म्हणजे तुमच्या उपयोगाची नाही.

पुण्याची_मधुरा

अरे हे डोक्यातच आलं नव्हतं!! रिकामी गाडी पाठवायची म्हणजे पैसे वाया असंच वाटत होतं. आठ जणांना एक १२-१३ सीटर ट्रॅव्हलर बरी का दोन अर्टिगा? आणि ड्रायव्हरची राहायची सोय आपण बघायची असते ना?

किनारा_धरून

एकच ट्रॅव्हलर घ्या, आई सगळ्यांबरोबर राहतील आणि मुलांची भांडणं एकाच गाडीत मिटतील. फक्त घेण्याआधी पायरी किती उंच आहे ते स्वतः जाऊन बघा, गुडघेदुखीवाल्या माणसाला दिवसातून आठ वेळा ती पायरी चढायची असते. आम्ही सासूबाईंसाठी एक छोटं लाकडी स्टूल कायम दारापाशी ठेवलं होतं, ड्रायव्हर गाडी थांबली की आधी ते खाली ठेवायचा, मग दार उघडायचा. सहा दिवसांत सगळ्यात जास्त कामाला आलेली वस्तू तीच.

ड्रायव्हरची सोय हो, तुम्हीच बघायची, आणि होमस्टे बुक करतानाच विचारायची. खोली नसेल तर निदान आंघोळ-टॉयलेट आणि झोपायला नीट जागा आहे का. घाटातून तुम्हाला नेणारा माणूस रात्रभर गाडीच्या सीटवर डासांत झोपला असेल तर ते चालणार नाही.

आता हॉटेलं. दिरांचा रोज नवीन गावाचा प्लॅन सोडा. कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने नकाशावर ५० किलोमीटर दिसतात ते दीड-दोन तासांचे असतात, चढ-उतार, वळणं, मध्येच गावातली अरुंद गल्ली आणि समोरून एसटी. दिवसाला चार तासांच्या वर गाडीत बसायचं नाही असं ठरवलं की प्लॅन आपोआप होतो. मी असं करेन:

बोट सकाळी लागते, हॉटेलचं चेक-इन दुपारचं, मधले चार-पाच तास लोक बॅगा घेऊन बीचवर उन्हात काढतात. तुम्ही तसं न करता सरळ मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा करा, वास्कोहून फोंड्याकडे तासाभराचा रस्ता, देवळं सावलीची, आवारात बसायला जागा. जेवण फोंड्यात. गोव्यात मुक्काम करूच नका, डिसेंबरात भाव चढलेले असतात आणि तुमचा जीव वेंगुर्ल्यात आहे. जेवून निघालात तर चहाला वेंगुर्ला. तिथे दोन रात्री, आईंचं माहेर आहे, घाई नको. मग मालवण दोन रात्री, मग रत्नागिरी किंवा गणपतीपुळे दोन रात्री, आणि घरी. तीन मुक्काम, तीनदाच बॅगा उघडायच्या.

मालवणहून रत्नागिरीचा दिवस तेवढा लांब आहे, कुणकेश्वर-देवगडवरून किनाऱ्याने गेलात तर पूर्ण दिवस जातो. सकाळी लवकर निघा, कुणकेश्वरला थांबा, विजयदुर्ग आईंसाठी सोडून द्या, तिथे चढ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवण जेटीवरून होडी आहे, पण होडीत चढा-उतरायला हात धरावा लागतो आणि पाणी हलतं, आईंना जमेल का ते तिथे उभं राहून त्यांनाच ठरवू द्या. नाही गेल्या तरी धक्क्यावरून किल्ला समोर दिसतो.

रत्नागिरी-गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने जा, पंचवीसेक किलोमीटर, आणि गाडीत डावीकडच्या खिडकीला आईंना बसवा.

जयगडचा_जावई

वरचा प्लॅन मस्त, फक्त परतीला एक जोडतो. गणपतीपुळ्याहून सरळ हायवेला लागू नका. जयगडला जा, तिथून फेरीबोटीत गाडीसकट बसून पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे तवसाळ, नाहीतर वळसा घालून शंभरच्या वर किलोमीटर आहे. मुलांना ही बोट मोठ्या बोटीपेक्षा जास्त आवडेल बघा. फळी खाली पडते, एक पोऱ्या हाताने इशारे करत गाड्या इंच इंच मागे घेतो, एसटी, टेम्पो, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मोटारसायकली सगळं खेटून उभं राहतं आणि दोन गाड्यांमधून माणूस आडवा होऊन बाहेर येतो. आईंना गाडीतच बसू दे, काही बिघडत नाही. पलीकडे हेदवीचा दशभुज गणपती, वेळणेश्वर, गुहागर हे सगळं एका रेषेत आहे. त्याच दिवशी पुण्याला पोचायचा हट्ट मात्र नको, गुहागर किंवा चिपळूणला एक रात्र टाका, दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट-पाटण-कराड-सातारा करत घरी, थांबत थांबत सात तास धरा.

आणि बुकिंगच्या आधी कालनिर्णय काढून बसा. संकष्टीला पुळ्याला खोली मिळणं कठीण, अंगारकी असेल तर विचारूच नका. डिसेंबरात दत्तजयंती येते बहुतेक वेळा, तेव्हाही गर्दी. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात जाताय ते उत्तम, २० तारखेनंतर मालवण-तारकर्ली शाळांच्या सहलींनी आणि ख्रिसमसच्या पाहुण्यांनी भरून जातं.

किनारा_धरून

जयगड-तवसाळ बरोबर, मी विसरले. होमस्टेला फोन करताना हे विचारायचं: खोली तळमजल्यावर आहे का, टॉयलेट कमोडचं आहे का, अंगणापर्यंत गाडी येते का की पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून जायचं. फोटोत पाखाडी कधीच दिसत नाही. चाळीस पायऱ्या उतरून सुंदर घर असतं आणि आई वरच अडकतात. मी व्हिडिओ कॉल करून गेटपासून खोलीपर्यंत चालत दाखवा म्हणते, चांगला मालक लगेच दाखवतो.

मार्गशीर्ष असेल आणि आई पाळत असतील तर तेही आधी सांगा, शाकाहारी जेवण वेगळं करतात, पण सकाळी सांगावं लागतं.

वेंगुर्लेकर_आजोबा

मधुराताई, आवशीक घेवन येतंस ता बरा केलंस. मी वेंगुर्ल्याचाच, मीही त्या बोटीने आलोय-गेलोय. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव, म्हणजे होड्या, जाऊन माणसं उतरवून आणत. लाट वर आली की खलाशी ओरडायचा, तेवढ्यात पाऊल टाकायचं. लहान मुलांना तर उचलून एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचे. तुमच्या आईंना हे नक्की आठवत असेल, विचारा. पावसाळ्यात बोट बंद, मग घाटावरून एसटीने वळसा.

दोन रात्री राहाताच आहात तर पहिल्या संध्याकाळी बंदरावर या, सपाट रस्ता आहे, गाडी अगदी जवळ जाते. डिसेंबरात गावोगावच्या जत्रा चालू असतात, रात्री दशावतार असतो. आईंना खुर्ची मिळेल, कोणीही उठून देईल. थंडी पडते रात्री, शाल असू द्या.

पुण्याची_मधुरा

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आत्ता ठरलं ते असं: आदल्या दिवशी डेक्कन क्वीन, फोर्टमध्ये एक रात्र (लिफ्ट आहे, फोन करून विचारलं), ट्रॅव्हलर पुण्याहून थेट वास्को, वेंगुर्ला २, मालवण २, गणपतीपुळे २, गुहागर १. म्हणजे एक दिवस वाढला, दिरांना रजा वाढवावी लागेल, पण नकाशावर तास लिहून दाखवल्यावर ते स्वतःच म्हणाले की माझा प्लॅन काही खरा नव्हता. स्टूलही घेतलं.

आजोबा, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली पडावात तिची एक चप्पल पडली होती पाण्यात, एका चपलेने घरी गेली आणि आजी आधी ओरडली मग जवळ घेतलं. ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आता एकच प्रश्न राहिला. केबिन अजून निवडायची आहे, डावीकडची घेऊ का उजवीकडची? आईला किनारा दिसायला हवा.

वेंगुर्लेकर_आजोबा

डावीकडची. मुंबईहून दक्षिणेला निघालात की किनारा डाव्या हाताला, सूर्यही तिकडूनच उगवतो. बोट खूप बाहेरून जाते, त्यामुळे घरं-झाडं दिसतील अशी आशा धरू नका. पण पहाटे उजाडायच्या आधी आईंना उठवून डेकवर न्या, लिफ्टने जाता येतं. हवा स्वच्छ असली आणि अंतर फार नसलं तर वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह लुकलुकताना दिसतं. दिसलं तर मला इथे कळवा.