गडकिल्ल्यांच्या पिनांसाठी चित्र करताना तपशील किती ठेवावा?

प्रश्न
गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या पुण्यातील एका व्यावसायिकाने माझ्याकडून सहा किल्ल्यांच्या संग्राह्य इनॅमल पिनांचा (कपड्यांवर टाचायच्या, रंग भरलेल्या धातूच्या बिल्ल्यांचा) संच मागितला आहे. राजगड मी जलरंगात केला असून बालेकिल्ल्याच्या तटबंदीपासून सुवेळा माचीच्या नेढ्यापर्यंत (कातळातल्या आरपार नैसर्गिक छिद्रापर्यंत) सर्व काही त्यात आले आहे. परंतु ते चित्र ३० मिलिमीटरवर आणून कागदावर छापून पाहिले, तेव्हा तटबंदीचा नुसता काळा पट्टा झाला. ग्राहकाला मूळ चित्र फार आवडले आहे. त्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
आपण छापून पाहिलेत हे उत्तम केलेत, कारण पडद्यावर मोठे करून पाहिलेले चित्र हमखास फसवते. पिनेतील प्रत्येक रंग धातूच्या उंच रेषांनी बांधलेल्या कप्प्यात भरला जातो, त्यामुळे जलरंगातल्या छटांसारखे रंग एकमेकांत मिसळत नाहीत आणि साधारण ०.२ मिलिमीटरहून बारीक रेष ठशात नीट उमटत नाही. म्हणून मूळ चित्र लहान करू नका, तर तेच दृश्य ३० मिलिमीटरच्या चौकटीत चार-पाच सपाट रंगांत नव्याने रेखाटा. तटबंदीचे दगड सोडून द्या, पण नेढे मुळीच सोडू नका. ते रंगाने दाखवण्याऐवजी तिथे आरपार छिद्रच ठेवले, तर जॅकेटवर लावल्यावर त्यातून मागचे कापड दिसेल आणि राजगड चढलेला माणूस ती पिन पाहताक्षणी ओळखेल. माझ्या मते संपूर्ण संचाचा जीव अशा एकेका खुणेत आहे.

प्रतिसाद २
सहमत आहे. सॉफ्ट इनॅमलमध्ये रंग धातूच्या रेषांपेक्षा खाली राहतो आणि बोटाला उंचसखलपणा जाणवतो. सह्याद्रीच्या कातळासाठी मला तोच योग्य वाटतो. संचात लोहगडाचा विंचूकाटा, म्हणजे त्याची लांब, अरुंद माची असेल, तर त्या लांबट पिनेच्या मागे दोन खिळे घ्यावेत, एकाच खिळ्यावर ती फिरत राहते.

प्रतिसाद ३
करारपत्राकडेही तितकेच लक्ष द्यावे. एका ग्राहकाने माझी चित्रे मला न विचारता मगांवर छापली, तेव्हा तोंडी बोलण्यापलीकडे माझ्या हाती काहीही नव्हते. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत नसेल तर ती ५ वर्षांची आणि क्षेत्र नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. 'केवळ पिनांसाठी' हे शब्द आणि नगांची संख्या आवर्जून लिहून घ्यावी.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आज राजगड चार रंगांत पुन्हा रेखाटला. तो ३० मिलिमीटरवर छापून, नेढे ब्लेडने कापून, जॅकेटवर टाचूनच ग्राहकाला दाखवणार आहे.