धालसिमच्या गळ्यातल्या कवट्या : शैली की हेटाळणी?

रानवारा :
'स्ट्रीट फायटर 2' (1991) या मारामारीच्या व्हिडिओ गेममधला धालसिम बहुतेकांना आठवत असेल. टक्कल, त्यावर तीन लाल पट्टे, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून जाळ, वाट्टेल तितके लांबणारे हातपाय. मागे ओळीने उभे हत्ती. खेळायच्या आठ जणांत भारताचा हा एकटाच. सोंग वठवण्याला माझी हरकत नाही. पण जपानला सुमो पैलवान होंडाही मिळाला आणि गंभीर चेहऱ्याचा रियूही. अमेरिकेला गाइल आणि केन. आपल्याला फक्त जादूवाला साधू! तुमचं मत?

जॉयस्टिक_जुना :
साफ असहमत. पडदा होता 384 बाय 224 ठिपक्यांचा. एवढ्याशा जागेत कोण उभा आहे ते क्षणात कळायला हवं, म्हणून सगळेच भडक काढले. रशियाचा पैलवान झांगीफ बघा, ब्लांका बघा. ब्राझीलच्या माणसाला हिरवा करून टाकलाय. आणि धालसिमची कथा वाचलीत का? त्या कवट्या गावात साथीत गेलेल्या मुलांच्या आहेत. त्याला मारामारी आवडत नाही, गावासाठी पैसे उभे करायला तो लढतो. घरी बायको आहे, दत्ता नावाचा मुलगा आहे. त्या काळात इतका दयाळू लढवय्या दुसरा दाखवा.

रानवारा :
कथा सुंदरच आहे, पण गेम पार्लरमध्ये ती कोण वाचत होतं? पोरांना दिसायच्या त्या कवट्या. ठिपक्यांचं म्हणाल तर चुन-लीसुद्धा त्याच पडद्यावर उभी होती. चीनलाही एकच जागा होती, तरी तिला इंटरपोलची अधिकारी केलं. अंबाड्यांवरून लांबूनही ओळखू येते. म्हणजे जमत होतं.

मावळतीकर :
पडदा मोठा झाल्यावर तरी काय झालं? 'स्ट्रीट फायटर'च्याच 2016 च्या पाचव्या भागात भरपूर त्रिमितीय तपशील देता येत होता. धालसिमला काय मिळालं? लांब दाढी आणि पगडी. तंत्र सुधारलं की चित्र आपोआप सुधारतं, हा भ्रम आहे.

जॉयस्टिक_जुना :
दाढी-पगडीत तो भारदस्त दिसतो. मला आवडला.

चित्रवेडी :
मी स्वतः पात्रं रेखाटते, म्हणून थोडं सविस्तर. शैली वास्तववादी की कार्टूनी यापेक्षा पात्राला काम काय दिलंय ते बघा. 'ओव्हरवॉच' (2016) या गेममधली सिमेट्रा मूळची हैदराबादची. प्रकाश घट्ट करून वास्तू उभारणारी. बोटांच्या मुद्रांनी हवेत आकार घडवते. तिथे नृत्य नुसतं सजावटीला नाही, ती तिच्या कामाची पद्धत आहे. फार विचारपूर्वक केलंय. पण जास्तीचा पोशाख द्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा देवीच! त्यावर आक्षेपही घेतले गेले.

मावळतीकर :
दोष फक्त परदेशी लोकांना का द्यायचा? पुण्यात बनलेला 'राजी' (2020) हा गेम घ्या. पहाडी लघुचित्रांसारखी पार्श्वभूमी, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. रंग बघून डोळे निवतात. तरी विषय राक्षस, त्रिशूळ आणि देवांचं निवेदन. आपल्यालाही आपण पुराणातच दिसतो.

रानवारा :
इथे मात्र माझा कडाडून विरोध. 'राजी'मध्ये पुराण आतून आलंय. हवेल्यांच्या भिंतीवरचं चित्र कशाचं आहे हे काढणाऱ्याला ठाऊक आहे. धालसिमच्या मागचे हत्ती केवळ 'इंडिया' अशी पाटी लावायला उभे केलेत. दोन्ही एका मापाने मोजू नका.

मावळतीकर :
आतून आलं तरी खेळणाऱ्या परक्या पोराला दोन्हीकडे देवळंच दिसणार ना?

चित्रवेडी :
म्हणून मला 'एपेक्स लेजंड्स' या गेममधली रॅम्पार्ट (2020) जवळची वाटते. रम्या पारेख, अर्धी भारतीय. बंदुका खोलून त्यात फेरफार करून देणारी, स्वतःचं दुकान चालवणारी. तिच्या मोठ्या मशीनगनचं नाव शीला. तिला आवाज अंजली भीमानीचा, म्हणजे सिमेट्राचाच. तोंडाची फटकळ आहे, भांडखोर आहे आणि तिला कुठेही ध्यानाला बसवलेलं नाही. अशी आणखी चार पात्रं आली, तर धालसिमच्या कवट्यांचा मला एवढा त्रास होणार नाही.