डेस्कटॉपच्या वायफायसाठी यूएसबी डोंगल घ्यावा की आत बसवायचं कार्ड? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपचं वायफाय सुधारायचं आहे, पण काय घ्यावं यावर गाडं अडलंय. माहिती सगळी एकदम देतो.

घर साताऱ्यात, आजोबांनी बांधलेलं. भिंती दीड फुटी, विटांच्या. इंटरनेट फायबरचं, २०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीने दिलेला राउटर ड्युअल बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा), वायफाय ५ म्हणजे वायफायच्या पाचव्या पिढीचा, तो खाली पुढच्या खोलीत. डेस्कटॉप वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत.

मशीन जुनं पण दणकट आहे: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५, एच८१ मदरबोर्ड. एका एसएसडीवर विंडोज १०, दुसऱ्यावर उबंटू (लिनक्स). मागे यूएसबी ३ चे दोन पोर्ट आहेत. ग्राफिक्स कार्डाने दोन खाचांची जागा खाल्ली आहे, तरी त्याच्या खाली पीसीआय एक्स्प्रेसची एक लहान, एक्स१ खाच मोकळी आहे. सध्या मागच्या यूएसबीत नखाएवढा डोंगल लावलाय. त्याच्यावर १५० लिहिलंय, पण तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो.

आता मुख्य गोष्ट. डेस्कटॉपच्या टेबलावर मोबाइल ठेवून ५ गिगाहर्ट्झवर स्पीड तपासला तर ९०-१०० मिळतो. त्याच टेबलाखालच्या डेस्कटॉपला २५-३०, आणि संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे राउटर जागे झाले की त्याहून कमी. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत ते तिन्ही भरलेले दिसतात. म्हणजे सिग्नल वरपर्यंत पोचतोय, कमी पडतोय तो डोंगल, असा माझा निष्कर्ष आहे. चुकत असेल तर जरूर सांगा, कारण तसं असेल तर पैसे राउटरवर घालावे लागतील.

घाई अशासाठी की बायको याच मशीनवरून संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. गणित समजावताना मधलीच एक पायरी ऐकू आली नाही की पुढचं सगळं त्या मुलाच्या हातून निसटतं. तिला मोठा स्पीड नकोच आहे, आवाज न तुटणारं कनेक्शन हवं आहे.

केबल ओढणं सर्वात उत्तम हे मलाही मान्य आहे. पण या भिंतींना आरपार भोक पाडायला वडील तयार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मला मोडायचं नाही.

माझे प्रश्न असे:

यूएसबी ३ चा, बाहेर अँटेना असलेला ड्युअल बँड डोंगल पुरेल का? की एक्स१ खाचेत बसणारं कार्डच घ्यावं? राउटर वायफाय ५ चा असताना वायफाय ६ चं कार्ड घेण्यात अर्थ आहे का? आणि उबंटूवर काय विनासायास चालेल? ड्रायव्हर (कार्ड किंवा डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) दर अपडेटनंतर पुन्हा बसवत राहणं मला नको आहे.

प्रतिसाद

तुमचा निष्कर्ष बरोबर आहे. मोबाइलची चाचणी केलीत हे फार चांगलं झालं. बहुतेक लोक ती न करताच नवा राउटर आणतात.

खाच मोकळी आहे तर कार्डच घ्या. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० बसवलेली एक्स१ कार्डं मिळतात. उबंटूच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्यांचा ड्रायव्हर असतो. विंडोज १० मात्र ६४ बिटचं हवं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ यांच्या वाटेला जाऊ नका. दिसायला तशीच असतात, पण ती इंटेलच्या नव्या चिपसेटवर (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपवर) विसंबून चालतात, एच८१ वर चालणारच नाहीत. सुटं छोटं कार्ड आणि ते एक्स१ खाचेत बसवायची पट्टी वेगवेगळी घेणारे इथेच फसतात.

राउटर वायफाय ५ चा आहे तोवर हे कार्डही वायफाय ५ सारखंच वागेल. तरी वायफाय ६ चंच घ्या, किमतीत फारसा फरक नसतो आणि राउटर पुढेमागे बदललात तर कार्ड पुन्हा घ्यावं लागणार नाही.

अँटेना निवडताना मात्र लक्ष द्या. थेट कार्डाला स्क्रूने लागणाऱ्या काड्या कॅबिनेटच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्यात अडकतात. वायर असलेला, चुंबकाच्या बैठकीचा अँटेना घ्या आणि टेबलावर उंच जागी ठेवा. जवळ लोखंडी कपाट असेल तर त्याच्या आडोशाला नको. कार्डासोबत ब्लूटूथची एक वायर येते, ती मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या नऊ पिनांना जोडायची. ब्लूटूथ नको असेल तर तशीच सोडा, वायफायला तिची गरज नसते.

डोंगलच घ्यायचा झाला तर एक्स्टेन्शन वायरवर, मशीनपासून लांब लावा. यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट २.४ च्या सिग्नलमध्ये मिसळतो. आणि चिप मीडियाटेकची एमटी७६१२यू बघा, तिचाही ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपांना ड्रायव्हर वेगळा बसवावा लागायचा, तुम्हाला नकोय ती कटकट तिथली.

आणखी एक, विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. शिकवण्या ब्राउझरमधून होत असतील तर त्या उबंटूवरून घ्यायला वहिनींना हरकत नसावी.

धागाकर्ता

मनापासून आभार. एएक्स२१० चं, वायरवाल्या अँटेनाचं कार्ड मागवतो. लोखंडी कपाट खरंच मशीनला लागून आहे, ते आधी सरकवतो. एकच विचारायचं राहिलं: अँटेनाची वायर साधारण मीटरभराची मिळते. ती वाढवून अँटेना जिन्याच्या तोंडाशी नेला तर फायदा होईल का?

प्रतिसाद

नको. लांब पातळ वायरीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बराच मरतो, जिन्यापाशी जे कमवाल ते वायरीत जाईल. मीटरभरच ठेवा, आणि कार्ड बसल्यावर राउटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगळी करून डेस्कटॉप ५ वरच जोडा.