मदत हवी आहे: आतड्यातला जिवाणू नव्या प्रजातीचा दिसतोय, नाव देता येईल का?

नमस्कार मंडळी,

निरोगी व्यक्तीच्या मलाच्या नमुन्यातून एक जिवाणू वेगळा केला आहे. तो अजून नाव न मिळालेल्या प्रजातीचा असावा असे वाटते. इथे सूक्ष्मजीवशास्त्रातली बरीच मंडळी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

नमुन्यावर आधी इथेनॉलची प्रक्रिया केली होती, म्हणजे बीजाणू करणारेच तगावेत. मग ॲनेरोबिक (ऑक्सिजनविरहित) चेंबरमध्ये प्लेटिंग. वाढ फार संथ, वसाहती अगदी बारीक, आणि हवा लागली की वाढ थांबते. ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून गट ओळखण्याची चाचणी) कोवळ्या कल्चरमध्ये जांभळा येतो, जुन्यात गुलाबी. क्लॉस्ट्रिडिया गटात हे नेहमीचेच, त्यामुळे त्यावर अडून बसले नाही.

जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस आरआरएनए जनुकाचे जवळजवळ पूर्ण लांबीचे सिक्वेन्सिंग केले. वैध नाव असलेल्या सर्वांत जवळच्या प्रजातीशी साम्य ९७.९ टक्के, म्हणजे प्रजातीसाठी धरतात त्या ९८.७ च्या सीमेखाली. म्हणून जीनोमही केला. त्या प्रजातीच्या टाइप स्ट्रेनशी (प्रजातीचे नाव ज्याला बांधलेले असते तो प्रमाण स्ट्रेन) एएनआय, म्हणजे दोन जीनोममधले सरासरी साम्य, ८४ टक्क्यांच्या आसपास. एकाच प्रजातीची सीमा ९५-९६ धरतात, तेव्हा इथे वादाला जागा नाही.

खरी अडचण पुढे आहे. जीटीडीबी या जीनोमवर आधारित वर्गीकरणाच्या डेटाबेसमध्ये शोधल्यावर मेटाजीनोममधून (नमुन्यातल्या सगळ्यांच्या एकत्रित डीएनएतून) जुळवलेल्या एका जीनोमशी एएनआय थेट ९८ निघाला! त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. म्हणजे हा जिवाणू डीएनएच्या रूपात कोणाला तरी आधीच दिसला आहे, जिवंत मात्र कोणी वाढवलेला सापडत नाही. मानवी आतड्यातल्या जीनोमची २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली एकत्रित सूची ४,६४४ प्रजातींची आहे आणि त्यातल्या ७० टक्क्यांहून अधिक प्रजातींचे कल्चर तेव्हा कोणाकडे नव्हते. त्यामुळे हातात जिवंत कल्चर असण्याचे मला फार अप्रूप आहे, आणि ते नीट मार्गी लागावे अशी मनापासून इच्छा आहे.

तर अशा वेळी याला 'नवी प्रजाती' म्हणता येते का? माझ्याकडे एकच स्ट्रेन आहे, तेवढ्यावर भागेल? आणि फॅटी ॲसिडच्या तपासणीला पुरेल एवढा बायोमास कसा मिळवावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

अभिनंदन! निःशंकपणे नाव द्या. जिवाणूंच्या नामकरण संहितेनुसार टाइप म्हणून जिवंत, शुद्ध कल्चर लागते, त्यामुळे तो क्रमांकवाला जीनोम तुमच्या आड येत नाही. उलट वर्णनात त्याचा उल्लेख करा. ही प्रजाती इतर माणसांतही आढळते याला त्याने आधार मिळतो. फक्त एलपीएसएनवर (जिवाणूंच्या नावांची ऑनलाइन यादी) आणि सीककोडच्या नोंदींत एकदा पाहून घ्या. सीककोड ही वेगळी नामकरण संहिता २०२२ पासून आहे आणि तिथे जीनोमवरूनही नाव देता येते.

एक स्ट्रेन चालतो. दुसरा मिळाला तर वर्णन भक्कम होईल, पण त्यासाठी थांबू नका. स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या कल्चर संग्रहांत जमा करावा लागतो, आणि तिथे तो पुन्हा वाढून दाखवावा लागतो. हवा न सोसणारे जिवाणू इथेच दगा देतात. तुमच्याकडे बीजाणू आहेत, ही मोठीच जमेची बाजू.

प्रतिसाद २

जीनोममधून १६एस काढून तुम्ही आधी केलेल्या १६एसच्या (सँगर) सिक्वेन्सशी ताडून पाहिलेत का? संथ वाढणाऱ्या कल्चरमध्ये दुसरा कोणी लपून बसलेला असतो. चेकएम या जीनोमची गुणवत्ता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर भेसळही तपासा. हे आधी, बाकी सगळे नंतर.

बायोमाससाठी प्लेट सोडून द्रव माध्यमाकडे वळा आणि वेगवेगळ्या शर्करा घालून बघा. जवळच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवून त्याच माध्यमात, त्याच तापमानाला सोबत वाढवा. तसे नसेल तर फॅटी ॲसिडची तुलना परीक्षक मान्य करणार नाहीत. ॲसिटेट, ब्युटिरेट वगैरे काय तयार होते तेही मोजा. आतड्यातल्या जिवाणूबाबत वाचकाला तेच आधी हवे असते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. १६एस ताडून पाहिले नव्हते, ते आजच करते. चेकएममध्ये भेसळ १ टक्क्याच्या आत आहे. टाइप स्ट्रेनची मागणी नोंदवते. द्रव माध्यमात सेलोबायोज या शर्करेवर कोणी असे जिवाणू वाढवले असतील तर अनुभव जरूर लिहा.