पेप्टाइड म्हणजे नक्की काय? आणि सी-पेप्टाइड टेस्ट कशासाठी?

सायली_के:
क्रीममधे पेप्टाइड, वजनाच्या इंजेक्शनमधे पेप्टाइड, आता डॉक्टरांनी बाबांना सी-पेप्टाइड टेस्ट सांगितलीय (ते इन्सुलिन घेतात). हे सगळं एकच का? प्रोटीनच ना शेवटी? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

बायोकेमवाला:
प्रोटीनचा धाकटा भाऊ म्हण. अमिनो आम्लं (प्रोटीनच्या छोट्या विटा म्हण) एकमेकांना जोडली की पेप्टाइड, साधारण ५० पर्यंत असली तर, त्यापुढे प्रोटीन म्हणतात, पण ही रेघ काही पक्की नाही, इन्सुलिन ५१ चं आहे आणि त्याला लोक दोन्ही म्हणतात. खरं महत्त्व क्रमाला. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन बघ, दोन्ही ९-९ अमिनो आम्लांची, फरक फक्त दोन जागी, तरी एक बाळंतपणात कळा आणतं आणि दुसरं किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं! पेप्टाइड हॉर्मोन सहसा पेशीच्या आत शिरतच नाहीत, बाहेरच्या रिसेप्टरवर (हॉर्मोन ओळखून पकडणारा रेणू) बसतात आणि मग आतली चक्रं फिरतात. ज्या पेशीवर तो रिसेप्टरच नाही तिला काही फरक पडत नाही.

मानसी७:
आणि पेप्टाइड टिकत नाहीत हेही लक्षात घे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं पेप्टाइड हॉर्मोन सुटतं, ते रक्तात जेमतेम २ मिनिटं राहतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला लगेच कापतं. सेमाग्लुटाइड म्हणजे तुझ्या त्या वजनाच्या इंजेक्शनमधलं, जीएलपी-१ सारखंच पेप्टाइड, त्यात थोडा बदल करून फॅटी अ‍ॅसिडची शेपटी लावलीय, ती रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून राहते, म्हणून आठवड्यातून एकच इंजेक्शन पुरतं. गोळीही आहे त्याची, पण त्यात शोषणासाठी वेगळं रसायन घालावं लागतं, तरी अगदी थोडंच रक्तात पोचतं, कारण पोटात पेप्टाइड पचूनच जातं. कोलॅजन पावडरचंही तेच, आधी तिचे तुकडे होणार, ती थेट चेहऱ्यावर पोचते असं कृपा करून समजू नका.

सायली_के:
वा, मस्त सांगितलंत दोघांनी! मग सी-पेप्टाइड?

बायोकेमवाला:
स्वादुपिंडात आधी प्रोइन्सुलिन बनतं, त्याचा मधला तुकडा कापला की इन्सुलिन तयार. तो कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड, इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूमागे एक. इंजेक्शनच्या इन्सुलिनमधे तो नसतो, त्यामुळे बाबांचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते या टेस्टमधून कळतं. उपाशीपोटी करायची की जेवून ते लॅबला विचारून घे, आणि किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, तेव्हा आकडा उगाच जास्त दिसू शकतो.