वडिलांना ४४व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर: आधी जीन टेस्ट की कोलोनोस्कोपी?

कोकणकडा:
वडिलांना ४४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर, उजव्या बाजूला. ऑपरेशन होऊन आता बरे आहेत. आत्याला ४९व्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराचा. मी ३१, बहीण २७, दोघांना त्रास काही नाही. सुरुवात कुठून करायची?

ब्लॉकवाली:
आतडं आणि गर्भाशय ही जोडी एका घरात दिसली की लिंच सिंड्रोमची, म्हणजे अशा कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची शंका घ्यायची. पण सुरुवात वडिलांपासून. ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून गाठीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागवा, नुसता रिपोर्ट चालत नाही. त्यावर एमएमआर आयएचसी करायला सांगा, म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं गाठीत आहेत का ते कळतं. त्यातली एमएसएच२ आणि एमएसएच६ गायब असतील तर शंका बळावते. एमएलएच१ आणि पीएमएस२ गायब असतील तर आधी गाठीत मेथिलेशन (जीन रासायनिक खुणेने बंद पडणं) किंवा बीआरएएफ जीनमधला बदल तपासतात, कारण हे आनुवंशिक दोष नसतानाही होतं. मग वडिलांच्या रक्ताची जीन टेस्ट. नेमका दोष सापडला की तुम्हा भावंडांची तेवढ्यापुरतीच तपासणी, आणि उत्तर सरळ हो किंवा नाही. वडिलांना वगळून तुमचीच केली आणि निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विसंबता येत नाही. लोक फसतात ते इथेच.

घाटवाट:
सहमत. पण त्यासाठी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याने मोठं आतडं आतून बघणं) लांबवू नका. एमएलएच१ किंवा एमएसएच२ च्या जीनमध्ये दोष असेल तर २०-२५ वयापासून दर १-२ वर्षांनी करतात, म्हणजे तुमची दोघांचीही वेळ झालेली आहे. एमएसएच६, पीएमएस२ ला साधारण ३०-३५ पासून. लिंचमध्ये पॉलिपचा (आतड्याच्या अस्तरावरच्या वाढीचा) कॅन्सर फार झपाट्याने होतो, पाच वर्षांचं अंतर परवडत नाही.

आणि पोट नीट साफ करा! उजवीकडचे चपटे पॉलिप मळाखाली सहज सुटतात. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून बंद. तीन दिवस भाकरी, उसळ, पालेभाजी, तीळ, बियांचा टोमॅटो नको. मऊ भात चालेल. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं सूप. कोकम सरबत नाही, लाल रंग रक्तासारखा दिसतो. पीईजी पावडरचं (पोट साफ करणाऱ्या औषधाचं) अर्धं पाणी रात्री, अर्धं तपासणीच्या ४-६ तास आधी. सगळं रात्रीच संपवलं की सकाळी उजवी बाजू पुन्हा चिकट. रिपोर्टात बॉस्टन स्कोअर (आतडं किती साफ होतं त्याचे गुण, प्रत्येक भागाला ० ते ३) बघा, तिन्ही भागांत किमान २ हवा.

कोकणकडा:
ॲस्पिरिनचं काय?

ब्लॉकवाली:
लिंच सिद्ध झाल्यावरच. कॅप२ नावाच्या, लिंच असलेल्यांवरच्या औषध-चाचणीत रोज ६०० मिग्रॅ, निदान दोन वर्षं दिलं होतं. आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण घटलं, पण फरक दिसायला काही वर्षं गेली. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर मनाने घेऊ नका. ॲस्पिरिन चालू आहे म्हणून कोलोनोस्कोपी टळत नाही. बहिणीला मात्र एक सांगून ठेवा: पाळीव्यतिरिक्त रक्त गेलं तर थेट गायनॅककडे.